तातडीची उदर-सोनोग्राफी

तातडीची उदर-सोनोग्राफी म्हणजे पोटाला गंभीर इजा झालेल्या अथवा पोटात अकस्मात तीव्र वेदना सुरू झालेल्या रुग्णाची, उपचार करणाऱ्या शल्यचिकित्सकाने स्वतः रुग्णाच्या खाटेजवळ केलेली श्राव्यातीत ध्वनितपासणी होय. रेडिओलॉजी विभागात होणाऱ्या सविस्तर सोनोग्राफीपेक्षा तिचा हेतू मर्यादित असतो. पोटात रक्त साचले आहे काय, हृदयाभोवती द्रव जमला आहे काय, पित्ताशयाला सूज आहे काय, अशा मोजक्या प्रश्नांची ‘आहे’ किंवा ‘नाही’ एवढीच उत्तरे ती शोधते. या उत्तरांवर रुग्णाला तत्काळ शस्त्रक्रियागृहात न्यावे, सीटी स्कॅनसाठी पाठवावे की निरीक्षणाखाली ठेवावे, हा निर्णय अवलंबून असतो.

अपघातग्रस्तांच्या बाबतीत ही तपासणी ‘फास्ट’ या संक्षिप्त नावाने ओळखली जाते. छातीचाही समावेश असलेल्या तिच्या विस्तारित रूपाला ‘ई-फास्ट’ म्हणतात. उपनगरी रेल्वे, महामार्ग आणि रासायनिक उद्योग एकाच पट्ट्यात असलेल्या ठाणे आणि कल्याण-डोंबिवली परिसरात या तपासणीला विशेष महत्त्व आहे. भारतात सोनोग्राफी यंत्राचा वापर गर्भलिंगनिदानविरोधी कायद्याच्या चौकटीत होत असल्याने या तपासणीला एक कायदेशीर बाजूही आहे.

तत्त्व

मानवी कानाला साधारणतः २०,००० हर्ट्‌झपर्यंतच्या वारंवारतेचे ध्वनी ऐकू येतात. त्यापलीकडील ध्वनींना श्राव्यातीत ध्वनी म्हणतात. उदराच्या तपासणीसाठी सामान्यतः २ ते ५ मेगाहर्ट्‌झ, म्हणजे सेकंदाला वीस ते पन्नास लाख कंपने, या पल्ल्यातील ध्वनी वापरतात. प्रोबमधील स्फटिक विद्युत्‌दाब मिळताच कंप पावतात आणि परत आलेल्या प्रतिध्वनीचे पुन्हा विद्युत्‌संकेतात रूपांतर करतात. हा दाबविद्युत् परिणाम प्येर आणि झाक क्युरी या बंधूंनी १८८० मध्ये शोधून काढला.

मऊ ऊतींमधून ध्वनी सेकंदाला सुमारे १,५४० मीटर वेगाने जातो. प्रतिध्वनी परत येण्यास लागलेल्या वेळावरून अवयवाची खोली ठरते. यकृत, प्लीहा, मूत्रपिंड यांसारखे घन अवयव पडद्यावर करड्या छटांत दिसतात. रक्त, मूत्र, पित्त यांसारख्या द्रवांतून प्रतिध्वनी जवळजवळ येतच नाही, म्हणून ते काळे दिसतात. पोटातील मोकळे रक्त ओळखण्याचे सारे तंत्र या काळ्या पट्ट्याच्या शोधावर उभे आहे. याउलट हवा आणि हाड यांवरून ध्वनी परावर्तित होत असल्याने त्यांच्या मागचा भाग झाकला जातो. आतड्यांतील वायू हा या तपासणीचा सर्वांत मोठा अडथळा ठरतो, तो यामुळेच.

इतिहास

वैद्यकीय निदानासाठी श्राव्यातीत ध्वनी वापरण्याचा पहिला प्रयत्न ऑस्ट्रियन चेतारोगतज्ज्ञ कार्ल डुसिक यांनी केला. त्यांचे लेखन १९४२ मध्ये प्रसिद्ध झाले. उदराच्या तपासणीचा पाया ग्लासगो येथील स्त्रीरोगतज्ज्ञ इयान डोनाल्ड, त्यांचे सहकारी जॉन मॅकव्हिकर आणि अभियंते टॉम ब्राउन यांनी घातला. त्यांचा पोटातील गाठींविषयीचा निबंध १९५८ मध्ये ‘द लॅन्सेट’ या नियतकालिकात प्रसिद्ध झाला. त्यांनी तपासलेल्या रुग्णांत जठराचा असाध्य कर्करोग असल्याचे समजले गेलेली एक स्त्री होती. सोनोग्राफीत तिच्या पोटात बीजांडकोशाची मोठी द्रवयुक्त गाठ दिसली आणि शस्त्रक्रियेने ती काढता आली.

अपघातातील अंतर्गत रक्तस्राव ओळखण्यासाठी त्या काळी सुईने पोटातील द्रव ओढून पाहत असत. १९६५ मध्ये अमेरिकेत एच. डी. रूट व सहकाऱ्यांनी पर्युदर-प्रक्षालनाची पद्धत मांडली. तीत पोटाला छोटा छेद देऊन नळीवाटे क्षारजल आत सोडतात व परत आलेल्या द्रवात रक्त आहे काय ते पाहतात. ही पद्धत अतिशय संवेदनशील होती, परंतु ती शरीराला छेद देणारी होती आणि थोड्याशा रक्तानेही ती ‘होकारार्थी’ ठरत असल्याने काही रुग्णांचे पोट विनाकारण उघडले जाई.

१९७० च्या दशकाच्या आरंभी प्लीहेच्या इजेत सोनोग्राफीचा उपयोग झाल्याचे निबंध युरोपातून प्रसिद्ध होऊ लागले. जर्मनीत १९८० च्या दशकात शल्यचिकित्सकांच्या प्रशिक्षणातच सोनोग्राफीचा समावेश झाला. डिसेंबर १९८८ मधील आर्मेनियाच्या भूकंपानंतर एका रुग्णालयात दाखल झालेल्या सुमारे ७५० जखमींपैकी ४०० जणांची सोनोग्राफी अवघ्या ७२ तासांत करण्यात आली. सामूहिक दुर्घटनेत ही पद्धत किती उपयोगी पडू शकते, हे त्यावरून दिसून आले. अमेरिकेत १९९० च्या दशकात ग्रेस रोझिकी आणि इतर शल्यचिकित्सकांनी ती रूढ केली. १९९७ मध्ये भरलेल्या तज्ज्ञांच्या परिषदेने ‘फास्ट’ तपासणीच्या व्याख्येवर एकमत घडवून आणले व त्या परिषदेचा अहवाल १९९९ मध्ये प्रसिद्ध झाला.

अपघातग्रस्तांची तपासणी

अपघातग्रस्ताची पाहणी श्वासमार्ग, श्वसन, रक्ताभिसरण, चेतासंस्थेची स्थिती आणि संपूर्ण शरीराचे निरीक्षण या क्रमाने करतात. ‘फास्ट’ तपासणी रक्ताभिसरणाच्या टप्प्यात येते. रुग्ण उताणा असताना चार ठिकाणी प्रोब ठेवला जातो.

१. उजव्या बरगड्यांखाली : यकृत आणि उजवे मूत्रपिंड यांमधील फट, जिला मॉरिसनचा कप्पा म्हणतात. उताण्या स्थितीत वरच्या पोटातील हा सर्वांत खोल भाग असल्याने रक्त बहुधा येथे प्रथम दिसते.

२. डाव्या बरगड्यांखाली : प्लीहा आणि डावे मूत्रपिंड यांमधील, तसेच प्लीहा व मध्यपटल यांमधील जागा.

३. ओटीपोटावर : मूत्राशयाच्या मागची, स्त्रियांमध्ये गर्भाशयाच्या मागची पोकळी. मूत्राशय भरलेले असताना हे दृश्य स्पष्ट मिळते. त्यामुळे मूत्रनलिका घालण्यापूर्वी ते पाहणे इष्ट असते.

४. छातीच्या मध्यास्थीच्या खाली : हृदय आणि हृदयावरण.

ई-फास्टमध्ये छातीच्या दोन्ही बाजू पाहतात. निरोगी फुप्फुस श्वासागणिक छातीच्या आतील आवरणावरून सरकताना दिसते. हे सरकणे थांबलेले दिसल्यास फुप्फुसाभोवती हवा साचल्याची शक्यता असते. सरावलेल्या हाताला ही सर्व तपासणी काही मिनिटांत करता येते. रुग्णाला हलवावे लागत नाही, प्रारणांचा संसर्ग होत नाही आणि गरजेनुसार ती पुन्हा पुन्हा करता येते.

निष्कर्षाचा अर्थ रुग्णाच्या स्थितीशी जोडूनच लावला जातो.

रक्तदाब कोसळलेला असून पोटात द्रव दिसत असल्यास रुग्णाला सहसा थेट शस्त्रक्रियागृहात नेतात. अशा वेळी सीटी स्कॅनच्या खोलीत घालवलेला अर्धा तास प्राणघातक ठरू शकतो.

रुग्ण स्थिर असून द्रव दिसत असल्यास सीटी स्कॅन करून कोणत्या अवयवाला किती इजा आहे ते ठरवतात. यकृत किंवा प्लीहा यांच्या अनेक इजा शस्त्रक्रियेविना, काटेकोर निरीक्षणाखाली बऱ्या होतात.

रक्तदाब कोसळलेला असून द्रव दिसत नसल्यास रक्तस्राव अन्यत्र, म्हणजे छातीत, कटिभागात, मांडीच्या हाडाच्या अस्थिभंगात किंवा पर्युदरामागील जागेत, शोधावा लागतो आणि तपासणी पुन्हा करावी लागते.

रुग्ण स्थिर असून द्रव दिसत नसल्यास निरीक्षण व पुनर्तपासणी करतात. एकदा ‘नाही’ असे उत्तर आले म्हणून इजा नाही, असा निष्कर्ष काढता येत नाही.

अपघाताखेरीज इतर तातडीचे विकार

तीव्र पोटदुखीच्या रुग्णातही शल्यचिकित्सकाला या तपासणीतून बरेच कळते. पित्ताशयाची भिंत ३ मिलिमीटरपेक्षा जाड, आत खडे आणि प्रोबने नेमके तेथेच दाबल्यावर तीव्र वेदना, ही तीव्र पित्ताशयशोथाची लक्षणे मानली जातात. आंत्रपुच्छशोथासाठी नेदरलंड्‌समधील ज्युलियन पायलार्ट यांनी १९८६ मध्ये क्रमशः दाब देत पाहण्याची पद्धत वर्णिली. दाबूनही न चेपणारे व ६ मिलिमीटरपेक्षा अधिक व्यासाचे आंत्रपुच्छ सुजलेले समजतात. मूत्रवाहिनीत खडा अडकल्यास मूत्रपिंड फुगलेले दिसते. आंत्रावरोधात आतड्याची वेटोळी द्रवाने भरून फुगतात आणि आतील द्रव पुढे न सरकता मागेपुढे हेलकावताना दिसतो. लहान मुलांत आतड्याचा एक भाग दुसऱ्यात शिरल्यास आडव्या छेदात एकात एक वर्तुळे दिसतात.

प्रजननक्षम वयाच्या स्त्रीला पोटदुखीसह भोवळ येत असेल, गर्भचाचणी होकारार्थी असेल आणि पोटात मोकळा द्रव दिसत असेल, तर गर्भाशयाबाहेरील गर्भधारणा फुटल्याचा संशय प्रथम घ्यावा लागतो. या विकारात काही तासांचा विलंबही मृत्यूस कारण होऊ शकतो.

भारतातील काही आजार या तपासणीत विशेष लक्षात ठेवावे लागतात. अमीबाजन्य यकृतविद्रधी फुटून पोटात पू पसरू शकतो, विषमज्वर किंवा क्षयरोगामुळे आतड्याला छिद्र पडू शकते. पावसाळ्यात आणि त्यानंतर कोकणपट्टीत आढळणाऱ्या डेंग्यूमध्ये पित्ताशयाची भिंत जाड होते आणि पोटात द्रवही जमतो. केवळ पडद्यावरील चित्र पाहिल्यास हे दृश्य पित्ताशयशोथासारखे किंवा अंतर्गत रक्तस्रावासारखे भासते. अशा रुग्णाच्या बिंबाणू कमी झालेल्या असताना अनावश्यक शस्त्रक्रिया झाली, तर ती धोक्याची ठरते. ताप, रक्तचाचण्या आणि हाताने केलेली तपासणी यांपासून सोनोग्राफी वेगळी काढता येत नाही, याचे हे ठळक उदाहरण आहे.

मर्यादा

ही तपासणी करणाऱ्याच्या कौशल्यावर मोठ्या प्रमाणात अवलंबून असते. १९९५ मध्ये अमेरिकेत प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासात रुग्णाच्या पोटात क्षारजल सोडत असताना, तपासणाऱ्यांना ते किती जमल्यावर दिसते हे मोजण्यात आले. मॉरिसनच्या कप्प्यात द्रव दिसण्यासाठी सरासरी सुमारे ६२० मिलिलिटर द्रव जमावा लागला आणि ४०० मिलिलिटरपेक्षा कमी द्रव केवळ दहा टक्के तपासणाऱ्यांना ओळखता आला. अपघातानंतर लगेच केलेली तपासणी निर्दोष दिसून तासाभराने तीच होकारार्थी येण्याचे कारण यात आहे.

२०१८ मध्ये कोक्रेन संस्थेने प्रसिद्ध केलेल्या आढाव्यात छाती व पोटाच्या बोथट इजांसाठी खाटेजवळच्या सोनोग्राफीची संवेदनशीलता सुमारे ७४ टक्के व विशिष्टता सुमारे ९६ टक्के आढळली. मुलांमध्ये संवेदनशीलता सुमारे ६३ टक्केच होती. याचा अर्थ असा की, ‘आहे’ या उत्तरावर बराच विश्वास ठेवता येतो, परंतु ‘नाही’ या उत्तरावर तितका ठेवता येत नाही.

आतड्याला पडलेले छिद्र, स्वादुपिंडाची इजा, मध्यपटलाची फाट आणि पर्युदरामागील रक्तस्राव या तपासणीत बहुधा निसटतात. स्थूल शरीर, आतड्यांतील वायू, त्वचेखाली शिरलेली हवा आणि उघड्या जखमा यांमुळेही चित्र अस्पष्ट होते. दिसणारा द्रव रक्त आहे की यकृतविकारामुळे आधीपासून साचलेले पाणी आहे, हे केवळ चित्रावरून सांगणे कठीण असते.

ठाणे व कल्याण-डोंबिवली परिसर

१६ एप्रिल १८५३ रोजी बोरीबंदर ते ठाणे अशी भारतातील पहिली प्रवासी रेल्वे धावली आणि पुढच्याच वर्षी लोहमार्ग कल्याणपर्यंत पोहोचला. आज मध्य रेल्वेवरील ठाणे हे स्थानक छत्रपती शिवाजी महाराज टर्मिनसपासून सुमारे ३४, डोंबिवली सुमारे ४८ आणि कल्याण सुमारे ५४ किलोमीटरवर आहे. २०११ च्या जनगणनेत ठाणे महानगरपालिका क्षेत्राची लोकसंख्या सुमारे १८ लाख, तर कल्याण-डोंबिवली महानगरपालिका क्षेत्राची सुमारे १२ लाख होती. यांतील मोठा वर्ग दररोज लोकलने मुंबईकडे जातो. दारात लटकून प्रवास करताना पडणे व रूळ ओलांडताना गाडीची धडक बसणे ही या मार्गावरील गंभीर इजांची जुनी कारणे आहेत. ९ जून २०२५ रोजी सकाळी मुंब्रा स्थानकाजवळ दोन गाड्या एकमेकींजवळून जात असताना दारातील प्रवासी खाली पडले. त्यात काही जण मृत्युमुखी पडले व अनेक जखमी झाले.

धावत्या गाडीतून पडलेल्या व्यक्तीस एकाच वेळी डोके, छाती, पोट, कटिभाग आणि हातपाय यांना इजा झालेली असू शकते. डोक्याला मार लागल्याने ती बेशुद्ध असल्यास पोट दुखते आहे हे ती सांगू शकत नाही, आणि हाताने दाबून पाहण्याच्या तपासणीचाही उपयोग मर्यादित होतो. रक्तदाब उतरण्याचे कारण पोटात आहे की अन्यत्र, हे ठरवण्यासाठी अशा रुग्णात सोनोग्राफी सर्वाधिक उपयुक्त ठरते. मुंबई-नाशिक महामार्ग, घोडबंदर मार्ग आणि कल्याण-शिळ मार्ग यांवरील वाहन-अपघातांतील जखमींनाही हेच लागू पडते.

डोंबिवली एमआयडीसीतील रासायनिक कारखान्यांत २६ मे २०१६ आणि २३ मे २०२४ रोजी मोठे स्फोट झाले. स्फोटाच्या दाबलहरीने कान, फुप्फुसे आणि आतडी या हवा असलेल्या अवयवांना प्रामुख्याने इजा होते. आतड्याची इजा ‘फास्ट’ तपासणीत निसटू शकत असल्याने स्फोटातील जखमींना पहिली तपासणी निर्दोष आली तरी निरीक्षणाखाली ठेवणे व पुन्हा तपासणे आवश्यक असते.

परिसरातील सार्वजनिक रुग्णालयांत ठाणे जिल्हा सामान्य रुग्णालय, कळवा येथील ठाणे महानगरपालिकेचे छत्रपती शिवाजी महाराज रुग्णालय, कल्याणचे रुक्मिणीबाई रुग्णालय आणि डोंबिवलीचे शास्त्रीनगर रुग्णालय यांचा समावेश होतो. कळवा रुग्णालयाला राजीव गांधी वैद्यकीय महाविद्यालय संलग्न असून त्याची स्थापना १९९२ मध्ये झाली. राज्यात २०१४ पासून १०८ क्रमांकाची रुग्णवाहिका सेवा उपलब्ध आहे. मुरबाड आणि शहापूर या तालुक्यांतील गंभीर रुग्णांनाही उपचारांसाठी बरेच अंतर कापून या शहरांकडे यावे लागते. लहान रुग्णालयातून मोठ्या रुग्णालयाकडे रुग्ण पाठवताना ‘पोटात रक्त आहे’ एवढी माहिती आधी मिळाली, तरी पुढील रुग्णालयास रक्त, भूलतज्ज्ञ आणि शस्त्रक्रियागृह तयार ठेवता येते. मात्र अंतर्गत रक्तस्राव चालू असलेल्या रुग्णाला दूर पाठवण्याऐवजी जवळच पोट उघडून रक्तस्राव थांबवणे शक्य आहे काय, हा प्रश्नही त्याच माहितीमुळे पुढे येतो.

कायदेशीर चौकट

गर्भलिंगनिदानास आळा घालणारा कायदा करणारे महाराष्ट्र हे देशातील पहिले राज्य होय. हा कायदा १९८८ मध्ये झाला. केंद्राचा कायदा १९९४ मध्ये संमत होऊन १ जानेवारी १९९६ पासून अमलात आला व २००३ मधील दुरुस्तीनंतर तो पीसीपीएनडीटी कायदा या नावाने ओळखला जातो. या कायद्यानुसार गर्भाचे लिंग ओळखू शकणारे यंत्र जेथे वापरले जाते त्या प्रत्येक ठिकाणाची नोंदणी बंधनकारक आहे. यंत्र शल्यचिकित्सकाने केवळ अपघातग्रस्तांसाठी ठेवले असले, तरी ही अट सुटत नाही. गर्भवतीच्या प्रत्येक तपासणीची नोंद ‘एफ’ नमुन्यात ठेवावी लागते. २०१२ मधील नियमदुरुस्तीने सुवाह्य यंत्राचा वापर नोंदणीकृत ठिकाणी आंतररुग्णांसाठी अथवा विविध आरोग्यसेवा देणाऱ्या फिरत्या वैद्यकीय पथकातच करण्याचे बंधन घातले.

यंत्र कोणी चालवावे, हाही वादाचा विषय राहिला आहे. २०१४ च्या नियमांनी रेडिओलॉजीची पात्रता नसलेल्या डॉक्टरांसाठी सहा महिन्यांचे प्रशिक्षण विहित केले. दिल्ली उच्च न्यायालयाने २०१६ मध्ये यासंबंधीची तरतूद रद्द ठरवली, तर सर्वोच्च न्यायालयाने २०१८ मध्ये त्या निर्णयास स्थगिती दिली. नोंदींतील त्रुटींबद्दल होणाऱ्या फौजदारी कारवाईच्या निषेधार्थ रेडिओलॉजिस्टांनी १ सप्टेंबर २०१६ रोजी देशव्यापी संप केला होता. ३ मे २०१९ रोजीच्या निकालात सर्वोच्च न्यायालयाने नोंदी ठेवण्यासंबंधीच्या कठोर तरतुदी वैध ठरवल्या. नोंद हेच गर्भलिंगनिदान रोखण्याचे मुख्य साधन असल्याने तिला केवळ कारकुनी बाब मानता येणार नाही, अशी त्यामागील भूमिका होती.

या कठोरतेला कारण आहे. महाराष्ट्रात ० ते ६ वर्षे वयोगटातील दर हजार मुलग्यांमागे मुलींची संख्या २००१ मध्ये ९१३ होती, ती २०११ मध्ये ८९४ पर्यंत घसरली. दुसरीकडे, १९८९ मध्ये परमानंद कटारा खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने जखमीचे प्राण वाचवण्यासाठी तत्काळ उपचार देणे हे प्रत्येक डॉक्टरचे कर्तव्य असल्याचे म्हटले आहे. रात्री रेडिओलॉजिस्ट उपलब्ध नसलेल्या रुग्णालयात हे कर्तव्य पार पाडताना खाटेजवळची सोनोग्राफी मोलाची ठरते. ही दोन उद्दिष्टे परस्परविरोधी नाहीत. रुग्णालयाची व यंत्राची नोंदणी, शल्यचिकित्सकांचे विहित प्रशिक्षण आणि प्रत्येक तपासणीची लेखी नोंद ही दोन्ही साधण्याची उपलब्ध वाट आहे.

रेडिओलॉजिस्ट व शल्यचिकित्सक

शल्यचिकित्सकाची तपासणी रेडिओलॉजिस्टच्या तपासणीस पर्याय ठरत नाही. पहिली काही मिनिटांत एका प्रश्नाचे उत्तर शोधते, तर दुसरी प्रत्येक अवयवाचे पद्धतशीर परीक्षण करून लेखी अहवाल देते. रुग्ण स्थिर असल्यास सविस्तर सोनोग्राफी किंवा सीटी स्कॅन करणे श्रेयस्कर मानले जाते. शल्यचिकित्सकाला मिळणारा विशेष लाभ असा की, ज्या हाताने पोट तपासले त्याच हाताने तो प्रोब धरतो आणि पडद्यावर दिसलेले चित्र पुढे शस्त्रक्रियेत प्रत्यक्ष पडताळून पाहू शकतो. आपण काय पाहू शकलो नाही, याची जाणीव ठेवणे हा या प्रशिक्षणाचा महत्त्वाचा भाग समजला जातो.

हे सुद्धा पाहा

श्राव्यातीत ध्वनी
सीटी स्कॅन
आंत्रपुच्छशोथ
डेंग्यू
गर्भलिंगनिदान
मुंबई उपनगरी रेल्वे